मिथुनांतील यू तारा व रिकाम्या रात्रींच्या नोंदी

कागदावर मिति असणें किती मोलाचें, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ज्या मितीखालीं ‘विशेष कांहीं नाहीं’ एवढेंच लिहिलें असेल, तो कागद जपावा कीं नाहीं, याविषयीं संग्राहकांत मतभेद आढळतो. आमच्या मतें तो जपावाच. त्याचा पुरावा आम्ही येथें एखाद्या सरदार घराण्याच्या दप्तरांतून न देतां आकाशांतील एका ताऱ्याच्या नोंदींतून देत आहों.

ता. १५ डिसेंबर १८५५ रोजीं लंडन येथें बिशप यांच्या खासगी वेधशाळेंत जॉन रसेल हिंड यांस मिथुन राशींत नवव्या प्रतीचा एक निळसर पांढरा तारा दिसला. लघुग्रह शोधण्यासाठीं हिंड क्रांतिवृत्तालगतच्या ताऱ्यांचे नकाशे फार दिवसांपासून करीत आले होते. त्या जागीं पूर्वीं तारा नव्हता, हें त्यांस त्यामुळेंच उमगलें. म्हणजे या शोधाचें श्रेय दुर्बिणीइतकेंच त्या रिकाम्या जागेकडे जातें. तारा लौकरच मंदावला. प्रकरण तेथेंच मिटावयाचें. पण मार्च १८५६ मध्यें ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेंतील नॉर्मन पॉगसन यांस तो पुन्हा उजळलेला आढळला.

आतां या दोन तारखांत अंतर सुमारें तीन महिन्यांचें. एवढ्यावरून उजळण्याची पाळी तीन महिन्यांची म्हणावी काय? मधल्या रात्रीं तारा खरोखर मंद होता, हें कोणी पाहून लिहिलें असेल तरच. पुढील दीर्घ वेधांवरून सरासरी पाळी सुमारें शंभर दिवसांची ठरली, हें खरें. पण दोन उजळण्यांतील अंतर कधीं दोन महिन्यांचें, तर कधीं आठ महिन्यांचेंहि असतें. शिवाय जुलैमध्यें सूर्य त्याच भागांत येतो, तेव्हां कांहीं आठवडे तारा मुळींच दिसत नाहीं. त्या अवधींतील उजळणें कायमचें हरपतें. हंस राशींतील एस् एस् हा त्याच जातीचा तारा १८९६ सालीं हार्वर्डच्या छायाचित्रांवर लुइझा वेल्स यांस सांपडला. तो बराच उत्तरेस असल्यानें उत्तरेकडील देशांतून जवळजवळ वर्षभर दिसतो, आणि म्हणूनच त्याची बखर इतकी भरगच्च आहे.

पॉगसन यांनीं असेंहि लिहिलें कीं, शेजारचे तारे स्थिर असतां हा तारा लुकलुकत होता. आजच्या प्रकाशमापकांस अशा ताऱ्यांत जलद चंचलता आढळते. मात्र तिचें प्रमाण अल्प असतें. पॉगसन यांचें वर्णन त्याहून बरेंच मोठें आहे, तेव्हां तें आम्ही जपून घेतों; टाकीत नाहीं. त्याच १८५६ सालीं त्यांनीं पांच प्रतींचें अंतर म्हणजे तेजांत शंभरपट अंतर हें माप सुचविलें. त्या मापानें हा तारा चौदाव्या-पंधराव्या प्रतीवरून नवव्यावर येतो, म्हणजे शंभरपटींहून अधिक उजळतो.

पॉगसन १८६१ सालीं मद्रास वेधशाळेवर आले व १८९१ सालीं तेथेंच वारले. त्यांचे तेथील साहाय्यक चिंतामणि रघुनाथाचार्य यांनीं १८६७ सालीं जालक राशींतील आर् या ताऱ्याचें रूपविकारित्व शोधून काढलें. पॉगसन यांचे ३१ रूपविकारी ताऱ्यांचे वेध मात्र १९०८ सालीं, ते वारल्यानंतर सतरा वर्षांनीं, छापून निघाले.

कारणाचा उलगडा फार मागाहून झाला. हा तारा एकटा नव्हे. एक श्वेत खुजा तारा व एक लाल तारा सव्वाचार तासांत परस्परांभोवतीं फिरतात. लाल ताऱ्याचें द्रव्य श्वेत ताऱ्याभोवतीं चकतीरूपानें सांचतें; सांठा एका मर्यादेपलीकडे गेला कीं चकती तापून उजळते. १९८५ सालीं हा तारा नेहमींच्या एक-दोन आठवड्यांऐवजीं महिन्याहून अधिक काळ उजळ राहिला. तो प्रकार विलक्षण कां, हें शतकाहून जुन्या टिपणांशीं ताडूनच म्हणतां आलें.

अशी नोंद करण्याची रीत साधी आहे: तारीख, वेळ व ज्ञात प्रतीच्या शेजारी ताऱ्यांशीं तुलना. तारा न दिसल्यास दिसलेल्या सर्वांत मंद ताऱ्याची प्रत लिहून ‘याहून मंद’ असा शेरा मारावयाचा. जेसोरच्या सरकारी खजिन्यांतील नोकर राधागोविंद चंद्र यांनीं लहान दुर्बिणींनीं रूपविकारी ताऱ्यांचे ३७,००० हून अधिक वेध घेऊन ते अमेरिकेंतील निरीक्षकसंघाकडे धाडले. जमा-खर्च नसलेल्या दिवसाचीहि ओळ खजिन्याच्या वहींत येतेच. तो सराव त्यांस येथें कामीं आला असावा, असा आमचा तर्क आहे.