चित्राचं लाइट बिल

भिंतीवर चित्र लावायला एक खिळा आणि सुतळी पुरते, असा आपला समज होता. डिजिटल फ्रेमनं तो मोडला. २०१७ मध्ये सॅमसंगनं ‘द फ्रेम’ नावाचा टीव्ही आणला. बघून झाल्यावर काळा चौकोन न उरता त्यावर चित्र दिसतं. तेव्हापासून चित्राला वॅट, युनिट आणि स्लॅब चिकटले. पण मंडळी, चित्र दिसायला ऊर्जा नेहमीच लागत आली आहे. फक्त बिल दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर फाटायचं.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. लोणारला लोक सरोवर बघायला जातात, पण गावातलं दैत्यसूदन मंदिरही बघण्यासारखं आहे. बाहेरच्या काळ्या दगडी भिंतीवर मूर्तींच्या रांगा आहेत. या भिंतीला कोणी दिवा लावत नाही. सकाळी ऊन तिरपं पडतं, प्रत्येक मूर्तीची सावली शेजारी सांडते आणि शिल्प उठून दिसतं. ऊन सरकलं की तेच शिल्प निराळं दिसतं. सूर्याच्या कृपेनं रिफ्रेश रेट फुकट :)

आत मात्र अंधार. छतावर कोरलेल्या कथा बघायच्या तर बॅटरी मारावी लागते. बॅटरी सरळ समोरून मारली तर सगळं सपाट, बाजूनं मारली तर जिवंत. म्हणजे उजेड किती आहे यापेक्षा तो कुठून येतो, हे महत्त्वाचं. मे महिन्यात इथे सूर्यकिरण मूर्तीपर्यंत पोचतात आणि लोक किरणोत्सव बघायला गर्दी करतात. लोणार साधारण २० उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे त्याच दिवसांत दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो.

आता आमच्या जिल्ह्याची हद्द ओलांडून थोडं पश्चिमेला, अजिंठ्याला जाऊ. तिथे शिल्पांइतकीच रंगीत चित्रं महत्त्वाची, आणि रंगांना तिरप्या सावलीचा उपयोग नाही. १८१९ मध्ये जॉन स्मिथला ही लेणी दिसली. १८४४ पासून रॉबर्ट गिल चित्रांच्या नकला करू लागला. पुढे १८७२ पासून ग्रिफिथ्स मुंबईच्या कलाशाळेतली मुलं घेऊन आला. अंधारात चित्रं नीट दिसेनात, म्हणून त्या शतकात त्यांवर वार्निश चढलं. तेवढ्यापुरती चित्रं चमकली, पुढे वार्निश पिवळं पडलं आणि रंग झाकोळले. गिलच्या बऱ्याचशा नकला तर १८६६ च्या आगीत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. नंतर वाटाडे पत्र्यानं किंवा आरशानं बाहेरचं ऊन आत वळवून चित्रं दाखवत. उजेडानं रंग उडतात, म्हणून नाजूक चित्रांवर ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवावा, असा संग्रहालयांचा दंडक आहे. थोडक्यात काय, तर तेव्हा बिल चित्रच भरत होतं.

मग राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि छापील लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. छापताना जी मेहनत लागेल ती, भिंतीवर खर्च शून्य! २००५ नंतर काही वर्षं आमच्याकडे गावात दहा-दहा, बारा-बारा तास भारनियमन असायचं. टीव्ही मुका, पंखा बंद, पण कंदील पेटला की भिंतीवरची लक्ष्मी होती तिथेच दिसायची.

आता डिजिटलचा हिशेब. समजा, फ्रेम चित्र दाखवताना ६० वॅट घेते आणि दिवसाला १२ तास चालू आहे. ०.७२ युनिट रोज, वर्षाला साधारण २६३. दहा रुपये युनिट धरलं तर २,६०० रुपये! महावितरणचे स्लॅब चढते असल्यानं ही युनिटं तुमच्या सगळ्यात महागड्या स्लॅबात बसतात, हे विसरू नका. माणूस नसताना बंद करणारा सेन्सर वापरून ५ तासांवर आणलं, तर खर्च ११०० च्या आत. याउलट छापील चित्रावर ५ वॅटचा एलईडी रोज संध्याकाळी ४ तास: वर्षाला ७३ रुपये.

आता तुम्ही म्हणाल, दिसण्याचं काय? स्क्रीन स्वतः उजेड फेकते. दुपारच्या उन्हात तिला खोलीशी भांडावं लागतं, रात्री ती खिडकीसारखी चमकते. चांगल्या फ्रेम खोलीतला उजेड मोजून स्वतःला मंद करतात आणि चकाकी मारणारी काच लावतात, म्हणजे कागद असल्याचं सोंग घेतात. ई-इंक मात्र सोंग घेत नाही. ती खोलीतलाच उजेड परत पाठवते, वीज खाते ती फक्त चित्र बदलताना. रंग थोडे फिके, चित्र बदलायला काही सेकंद. पण वीज गेली तरी चित्र जागेवर!

म्हणून माझं मत सरळ आहे. रोज नवी चित्रं हवीत आणि टीव्ही घ्यायचाच आहे, तर फ्रेम घ्या, सेन्सर चालू ठेवा. नुसतं चित्र हवं असेल तर आधी भिंतीवर उजेड कुठून येतो ते दिवसभर बघा, मग छापील चित्र किंवा ई-इंक त्या जागी लावा. आणि घरात जुनी तसबीर असेल, तर तिला उन्हातून हलवा. तिचं बिल अजून तीच भरतेय.