अवजड ओढीच्या ट्रकांतील पेट्रोल आणि डीझेल एंजिने : टर्बोचार्जरच्या इतिहासातील एक प्रकरण

टर्बोचार्जर पेट्रोल व डीझेल या दोन्ही एंजिनांस सारखाच उपकारक ठरला, असे समजण्याचा प्रघात आहे. अमेरिकेतील अवजड ओढीच्या पिकअप ट्रकांचा इतिहास पाहता ही समजूत टिकत नाही.

एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंनी टर्बाइन फिरवावे व त्या शक्तीने सिलिंडरांत अधिक हवा कोंबावी, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची. तिचे पेटंट १९०५ चे. डीझेल एंजिनात केवळ हवा दाबली जाते व इंधन अखेरच्या क्षणी फवारले जाते. म्हणून जादा हवा त्यास मानवते. जुन्या पेट्रोल एंजिनात मात्र हवा व इंधन यांचे मिश्रणच दाबले जाई. दाब व उष्णता फार वाढली की ठिणगीची ज्योत पोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण भडके आणि एंजिन ठोके देऊ लागे. ओल्ड्समोबिलने १९६२ साली जेटफायर या मोटारीस ३.५ लिटरचे टर्बोचार्जरयुक्त एंजिन बसविले, तेव्हा हे ठोके टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून आत सोडावे लागले. ती टाकी भरण्याची दक्षता मालकाने घ्यावयाची! १९६३ नंतर ही मोटार निघाली नाही, याचे नवल वाटू नये.

डॉजच्या १९८९ च्या पिकअपमधील कमिन्सचे ५.९ लिटरचे टर्बो-डीझेल १६० अश्वशक्तीचेच होते. पण त्याचा टॉर्क ४०० पौंड-फूट होता. फोर्डच्या २०११ च्या एफ-१५० मधील ३.५ लिटरच्या पेट्रोल एंजिनाने दोन टर्बोचार्जरांच्या साहाय्याने ३६५ अश्वशक्ती व ४२० पौंड-फूट गाठले. येथे पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाते व त्याच्या बाष्पीभवनाने आतील हवा थंडावते. केवळ आकडे पाहणाऱ्यास वाद येथेच मिटला असे वाटेल.

परंतु त्याच फोर्डने २०२० साली अवजड सुपर ड्यूटी ट्रकांसाठी जे नवे पेट्रोल एंजिन आणले, ते ७.३ लिटरचे व टर्बोचार्जरविरहित होते. त्याचा टॉर्क ४७५ पौंड-फूट. त्याच ट्रकांतील ६.७ लिटरच्या टर्बो-डीझेलचा १०५०. आमच्या मते या निवडीचे मर्म ओढीच्या कालावधीत आहे. लांब घाट चढताना टर्बोचार्जरयुक्त पेट्रोल एंजिनास ठोके टाळण्यासाठी ठिणगी उशिरा द्यावी लागते, आणि बाहेर पडणारे वायू निवविण्यासाठी पुष्कळदा जादा इंधन जाळावे लागते. हलक्या ट्रकावर असा प्रसंग क्वचित व थोडा वेळ येतो; अवजड ट्रकाचे ते नित्याचेच काम. डीझेल पूर्ण भारातही जादा हवेत जळते, शिवाय त्याच्या लिटरमागे पेट्रोलहून सुमारे दशांश ऊर्जा अधिक असते.

डीझेलची अडचण निराळी. अमेरिकेतील २००७ व २०१० च्या उत्सर्जन-नियमांमुळे त्यास काजळीची गाळणी व युरियाची यंत्रणा जोडावी लागली आणि त्याची किंमत चढली. वर्षातून मोजक्याच वेळा ओझे ओढणाऱ्या ग्राहकास तो खर्च भरून निघत नाही. टर्बोचार्जर नसलेल्या त्या मोठ्या पेट्रोल एंजिनास गिऱ्हाईक मिळते ते तेथेच.