चार तास, एक मशीन आणि सात अनोळखी माणसं

इअरफोन लावले असतील तर आवाज थोडा कमी करा, कारण आज सुरुवातीलाच मी तुम्हाला एक आवाज ऐकवणार आहे. (इथे ऑडिओमध्ये साधारण दहा सेकंद घरघर ऐकू येते.) ओळखा बघू काय आहे? फ्रिज नाही, मिक्सर नाही. हा माझ्या मामाचा डावा हात आहे. कोपराच्या खाली फोनचा माइक टेकवून मी हे रेकॉर्ड केलं. तिथे बोट ठेवलं की मांजराच्या गळ्यावर हात ठेवल्यासारखी थरथर लागते. याला फिस्टुला म्हणतात. मामा आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास डायलिसिसला बसतो, आणि त्या मशीनपर्यंत त्याचं रक्त जातं ते या थरथरणाऱ्या शिरेतून.

तर आजची गोष्ट या मशीनची. मला वाटलं होतं की ती गोष्ट विज्ञानाची असेल. निम्मी आहेच. पण उरलेली निम्मी एका वेगळ्याच प्रश्नाची आहे: मशीन एक आणि माणसं दहा असतील, तर खुर्चीत कोण बसणार?

आधी थोडं शरीराबद्दल. आपल्या दोन किडन्या, प्रत्येकी मुठीएवढ्या, दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. ऑफिसात पाण्याचा २० लिटरचा जार असतो ना, तसे नऊ जार. त्यातलं जवळजवळ सगळं रक्तात परत जातं आणि दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडते. हे काम थांबलं की युरिया आणि बाकीची घाण रक्तात साठत जाते. माणसाला मळमळतं, श्वास लागतो, ग्लानी येते, आणि मग तो जातो. १८२७ साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट नावाच्या डॉक्टरने अंगाला सूज आलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवून पाहिली. ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी घट्ट व्हायची, कारण तिच्यात प्रोटीन उतरलेलं असायचं. सूज, लघवीतलं प्रोटीन आणि बिघडलेली किडनी यांचा संबंध त्याने जोडून दाखवला. निदान झालं, उपाय मात्र शून्य. पुढची शंभरेक वर्षं डॉक्टरांच्या हातात पथ्य आणि सहानुभूती याच्यापलीकडे फार काही नव्हतं.

आता १९३८ मध्ये या. नेदरलँड्समधलं ग्रोनिंगन शहर. विलेम कोल्फ, वय २७, नुकताच कामाला लागलेला डॉक्टर, त्याच्याकडे फक्त चार खाटा. त्यातल्या एकीवर एका शेतकऱ्याचा २२ वर्षांचा मुलगा. किडन्या गेलेल्या, दिसणं मंदावलेलं, सतत उलट्या. त्याची आई काळा पोशाख आणि डोक्याला पांढरी टोपी घालून आली होती. तुमचा एकुलता एक मुलगा वाचणार नाही, हे तिला सांगायचं काम कोल्फवर आलं. या प्रसंगातून कोल्फच्या डोक्यात एक साधा हिशोब सुरू झाला. या पोराच्या रक्तातून रोज २० ग्रॅम युरिया जरी काढता आला, तरी तो जगेल. वीस ग्रॅम! म्हणजे साखरेचे चार-पाच चमचे.

काढायचा कसा, याची कल्पना तशी जुनी होती. मूळच्या ग्लासगोच्या थॉमस ग्रॅहॅम या रसायनशास्त्रज्ञाने १८६१ मध्येच ‘डायलिसिस’ हा शब्द वापरला होता. टी-बॅग आठवा. कागदाच्या बारीक छिद्रांतून चहाचा रंग पाण्यात उतरतो, पत्ती आत राहते. तसं रक्त एखाद्या पातळ पडद्याच्या नळीत भरून मिठाच्या पाण्यात ठेवलं, तर युरियाचे छोटे कण बाहेर येतील आणि रक्तपेशी आतच राहतील. अमेरिकेत जॉन एबल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९१३ मध्ये हे कुत्र्यांवर केलं होतं. रक्त गोठू नये म्हणून त्यांना जळवांच्या तोंडातून काढलेला पदार्थ वापरावा लागला. जर्मनीत गेओर्ग हास याने १९२४ मध्ये ते माणसावर करून पाहिलं. पण एवढ्याने कुणी वाचलं नाही.

कोल्फच्या काळात दोन गोष्टी नव्या होत्या. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन मिळू लागलं होतं, आणि सेलोफेन आलं होतं. हो, बुकेला गुंडाळतात तोच चकचकीत पारदर्शक कागद. सॉसेजची आवरणं तेव्हा सेलोफेनच्या नळीची असायची. कोल्फने तशा नळीच्या एका तुकड्यात युरिया मिसळलेलं थोडं रक्त भरलं, नळी मिठाच्या पाण्यात हलवली, आणि बघता बघता जवळपास सगळा युरिया पाण्यात उतरला.

आणि इथे युद्ध येतं. मे १९४०, जर्मन सैन्य नेदरलँड्समध्ये घुसलं. कोल्फचे प्रमुख, प्राध्यापक पोलाक डॅनियल्स, ज्यू होते. पुढे काय होणार हे ओळखून त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली. त्यांच्या जागी नाझी विचारांचा माणूस बसवला गेला. कोल्फने ग्रोनिंगन सोडलं आणि काम्पेन नावाच्या लहानशा गावातल्या हॉस्पिटलात नोकरी धरली. कल्पना करा, जगातलं पहिलं चालतं डायलिसिस मशीन कुठे बनलं? मोठ्या विद्यापीठात नाही, एका तालुक्याच्या हॉस्पिटलात म्हणा ना.

मशीन दिसायला कसं होतं? आडवं ठेवलेलं, लाकडी पट्ट्यांचं एक पिंप. युद्धामुळे ॲल्युमिनियम मिळणं कठीण होतं, म्हणून लाकूड. त्या पिंपाभोवती गुंडाळलेली सेलोफेनची कित्येक मीटर लांब नळी. पिंपाचा खालचा भाग मिठाच्या पाण्याच्या टबात बुडलेला. टब इनॅमलचा, कारण गावातल्या इनॅमल कारखान्याचा संचालक हेन्ड्रिक बेर्क मदतीला उभा राहिला होता. पिंप फिरलं की रक्त आपल्या वजनाने नळीच्या तळाशी राहतं आणि गोल गोल पुढे सरकत जातं. फिरत्या पिंपात रक्त न गळता आत-बाहेर कसं न्यायचं? तो जोड कोल्फने फोर्ड गाडीच्या वॉटर पंपावरून उचलला. आमच्या मामाचा गॅरेजवाला मित्र हे ऐकून फार खूश झाला.

१७ मार्च १९४३ ला पहिली रुग्ण या मशीनला जोडली गेली. घरकाम करणारी २९ वर्षांची बाई. १२ वेळा डायलिसिस झालं. दर वेळी तिला थोडं बरं वाटायचं, पण दर वेळी नवी रक्तवाहिनी कापून नळी घालावी लागायची. शेवटी कापायला जागाच उरली नाही, आणि ती गेली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्या १६ रुग्णांपैकी १५ दगावले. एक वाचला, पण तो मशीनशिवायही वाचला असता असं कोल्फ स्वतःच म्हणायचा. दोन वर्षं हे चालू होतं. माणूस कसा टिकला असेल, मला खरंच समजत नाही. गावातले लोक त्या खोलीबद्दल काय बोलत असतील!

मग ११ सप्टेंबर १९४५. युद्ध संपलेलं. सतरावी रुग्ण, सोफिया शाफस्टाट, वय ६७. किडन्या अचानक बंद पडून ती बेशुद्ध होती. आणि ती कैदी होती. नाझींना साथ दिली म्हणून डच लोकांनी तिला तुरुंगात टाकलं होतं. त्या गावात तिची मान मुरगाळायला तयार असलेले लोक भरपूर होते, असं कोल्फनेच पुढे सांगितलं. ज्याचे गुरू नाझींमुळे गेले, त्याच्यासमोर ही बाई. कोल्फने तिला मशीनला जोडलं. साडेअकरा तासांनी ती शुद्धीवर आली. आणि कोल्फ सांगायचा त्याप्रमाणे, तिचं पहिलं समजेल असं वाक्य काय होतं? मी आता नवऱ्याला घटस्फोट देणार! (हसणं) नवरा नाझींच्या विरोधात होता म्हणे. तिने तो दिलाही. ती आणखी काही वर्षं जगली आणि दुसऱ्याच आजाराने गेली. कृत्रिम किडनीने वाचवलेलं पहिलं माणूस ती.

कोल्फने मशीनचं पेटंट घेतलं नाही. युद्धात बनवलेली मशीन्स लंडन, न्यूयॉर्क अशा ठिकाणी देऊन टाकली, नकाशेही वाटले.

पण एक अडचण तशीच राहिली. काही दिवसांपुरती बंद पडलेली किडनी असेल, तर हे मशीन तिला उसंत द्यायचं. कायमची गेली असेल तर? दर वेळी नवी शीर कापायची, आणि शिरा संपल्या की संपलं. त्या पहिल्या बाईसारखंच.

याचं उत्तर १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलला मिळालं. बेल्डिंग स्क्रिब्नर हा डॉक्टर हाउसबोटीवर राहायचा आणि वल्ही मारत कामावर जायचा. त्याला सुचलं की हातात एक नळी धमनीत, एक शिरेत कायमची बसवायची आणि मधल्या वेळात दोन्ही टोकं यू आकाराच्या तुकड्याने जोडून ठेवायची. रक्त वाहतं राहील, गोठणार नाही. नळी टेफ्लॉनची, म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्याला असतं तेच. ती वाकवून बनवली वेन क्विंटन नावाच्या इंजिनिअरने. (जिममधली ट्रेडमिल ज्यावरून आली, ते हृदय तपासायचं मशीनही याच क्विंटनने घडवलं.) ९ मार्च १९६० ला बोइंगच्या कारखान्यातला मशीनिस्ट क्लाइड शील्ड्स याच्या हातात ती बसली. तेव्हा तो मरणाच्या दारात होता. तो आणखी ११ वर्षं जगला.

इथपर्यंत गोष्ट आनंदाची. आता खरी पंचाईत. कायमची किडनी गेलेला माणूस जगू शकतो हे सिद्ध झालं, आणि खुर्च्या होत्या तीन. जानेवारी १९६२ मध्ये सिॲटलचं डायलिसिस केंद्र सुरू झालं तेव्हा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता, त्या काळातले डॉलर. आधी डॉक्टर बघायचे की रुग्ण वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहे का. वय ४५ च्या आत हवं. मुलं नकोत. एवढी चाळणी लावूनही जागांपेक्षा माणसं जास्त उरायची. मग निर्णय एका समितीकडे दिला. सात जण: एक वकील, एक पाद्री, एक बँकर, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार नेता आणि एक सर्जन. त्यांची नावं गुप्त, आणि रुग्णांची नावं त्यांना माहीत नसायची.

नोव्हेंबर १९६२ मध्ये शाना अलेक्झांडर या पत्रकाराने ‘लाइफ’ साप्ताहिकात या समितीबद्दल लिहिलं, आणि देशभर खळबळ उडाली. कारण समिती काय बघायची? लग्न झालंय का, मुलं किती, पगार किती, शिक्षण किती, चर्चला जातो का, समाजासाठी काय केलंय. एक मुद्दा वाचून मी फोन खालीच ठेवला. हा बाप मेला तर त्याच्या बायकोचं दुसरं लग्न होण्याची शक्यता किती, यावर चर्चा होती. मुलं कमी असतील तर तिला नवरा मिळणं सोपं, म्हणून त्या बापाला जागा देण्याची निकड कमी!

मला त्या सात जणांचा राग येतो, आणि मग येत नाही. ते पगार घेत नव्हते. त्यांच्या जागी मी असते तर चिठ्ठ्या टाकल्या असत्या असं वाटतं, पण हे सोफ्यावर बसून बोलायला सोपं आहे. तरी एक तुलना सुटत नाही. काम्पेनमध्ये कोल्फने सोफिया शाफस्टाटला एकही प्रश्न विचारला नव्हता. सिॲटलच्या समितीसमोर तिचा अर्ज गेला असता, तर? वय ६७, तुरुंगात, नवऱ्याशी भांडण. विचार करा.

लोक आपापल्या परीने वाट काढत होते. एका शाळकरी मुलीला वयामुळे जागा मिळत नव्हती. तिच्यासाठी सिॲटलच्याच विद्यापीठातल्या आल्बर्ट बॅब या इंजिनिअरच्या गटाने काही महिन्यांत घरी वापरता येईल असं छोटं मशीन बनवलं. १९६४ मध्ये ती घरीच डायलिसिस करू लागली. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेफ्लॉनचीही गरज संपवली. हातातली शीर थेट धमनीला शिवून टाकायची. धमनीचा जोर लागून शीर जाड होते, फुगते, आणि सुई पुन्हा पुन्हा टोचता येते. मघाशी ऐकलात तो आवाज हाच. जोरात वाहणारं रक्त.

आणि पैशांचं काय? ४ नोव्हेंबर १९७१ ला शेप ग्लेझर नावाचा रुग्ण अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेला आणि तिथेच, खासदारांसमोर, काही मिनिटं डायलिसिस करून दाखवलं. त्याने किती फरक पडला यावर इतिहासकार भांडतात. पण पुढच्या वर्षी, ३० ऑक्टोबर १९७२ ला, निक्सन यांनी कायद्यावर सही केली आणि किडनी गेलेल्या जवळजवळ प्रत्येक अमेरिकन माणसाचा खर्च सरकारी विम्यात आला. सात जणांच्या समित्यांची गरज संपली. म्हणजे तिकडे.

आपल्याकडे २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत सेवा मिळावी म्हणून. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. मामाचं कार्ड त्यावरच चालतं. पण कार्ड असलं तरी खुर्ची लागते. सुरुवातीला त्याला जवळ जागा मिळाली नव्हती. पहाटे साडेचारच्या एसटीने दुसऱ्या तालुक्याला जायचा, मामी डब्यात पोळी-भाजी द्यायची, पाणी मात्र मोजून अर्धी बाटली. आता जवळ मिळालीय, तिसरी शिफ्ट. शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा दिवाळीनंतर आलेच नाहीत, आणि त्या दिवशी वेटिंगमधल्या एका मुलाचा नंबर लागला. मामाने हे मला फोनवर सांगितलं, आणि मग बराच वेळ क्रिकेटबद्दल बोलत राहिला.

कोल्फ आणि स्क्रिब्नर दोघांना मिळून २००२ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. स्क्रिब्नर पुढच्याच वर्षी गेला. कोल्फ २००९ मध्ये, ९८ व्या वाढदिवसाला तीन दिवस असताना.

पुढच्या भागात बॉस्टन, डिसेंबर १९५४. दोन जुळे भाऊ, एकाची किडनी दुसऱ्याला. किडनी ट्रान्सप्लांटची गोष्ट. तुमच्या घरात कुणी डायलिसिसवर असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. फिस्टुलाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलात तरी चालेल, मामाला ऐकवते. तो म्हणतोय, माझा जास्त जोरात वाजतो.