प्रिंटर पत्र मागतो

आमच्या सोसायटीचा मानद चिटणीस मी कसा झालो, हे सांगायला फार वेळ लागणार नाही. ५२ सभासदांपैकी १९ सभेला आले होते आणि निवडीच्या वेळी मी नेमका पाणी प्यायला बाहेर गेलो होतो. परत आलो तर टाळ्या चालू होत्या. कुणाच्या तरी नावाने वाजताहेत म्हणून मीही दोन वाजवल्या.

चिटणीसाचं मुख्य काम म्हणजे कागद वाटणं. देखभालीची बिलं, पाणी बंदची सूचना, गॅलरीतून चादरी झटकू नयेत अशी विनंती, आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेची नोटीस. ही नोटीस सभेच्या आधी पूर्ण १४ दिवस सभासदाच्या हाती पडावी लागते. एक दिवस कमी पडला तर हरकत घेणारे एक वकील गृहस्थ दुसऱ्या मजल्यावर आहेतच. यंदाचा विषय होता लिफ्ट. ती चार महिने बंद होती. चौथ्या मजल्यावरच्या आजी, वय वर्षं ८२, गणपतीला खाली उतरल्या होत्या त्या शेवटच्या. त्यानंतर त्यांची भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर जायची. दुरुस्तीवाल्याने सांगितलेला दर महिनाअखेरपर्यंतच होता. सभा त्याआधी झाली नाही तर नवा दर, नवी सभा आणि पुन्हा दोरी.

नेमका त्याच वेळी माझा भाचा चार दिवस राहायला आला. तो संगणकातला. मी एकेक कागद छापत बसलेला पाहून त्याला माझी दया आली.

"मामा, हे सगळं आपोआप होतं आता."

त्याने एक व्यवस्था लावून दिली. संगणकात एक फोल्डर. त्यावर एक छोटासा प्रोग्राम रात्रंदिवस डोळा ठेवून बसलेला. आपण फोल्डरात कागद टाकायचा. तो उचलणार, प्रिंटरकडे धाडणार, छापून झाला की दुसऱ्या फोल्डरात नीट ठेवून देणार. "तुम्ही फक्त टाका आणि विसरा," असं म्हणून तो पुण्याला गेला. यातलं विसरण्याचं काम मला आधीपासूनच उत्तम येत होतं.

सोमवारी संध्याकाळी मी नोटीस टाकली आणि विसरलो. मंगळवारी सकाळी कार्यालय उघडतो तो प्रिंटरच्या तोंडाशी एकही कागद नाही. चुकून राहिली असेल म्हणून पुन्हा टाकली. मग पुन्हा. माणूस लिफ्टचं बटण जसं दाबत राहतो तशी मी ती नोटीस एकूण ११ वेळा टाकली. प्रिंटर ढिम्म. त्याच्या इवल्याशा खिडकीत मात्र दोन इंग्रजी शब्द उमटले होते : लोड लेटर.

घरी विसरलेला चष्मा घेऊन ही आली होती. तिने वाचलं आणि म्हणाली, "अहो, पत्र टाक म्हणतंय तर टाका की एखादं. तुमच्याकडे उत्तर न दिलेली ढीगभर पडलीत."

मी भाच्याला फोन लावला. तो हसला. हल्लीची मुलं मोठ्यांच्या अडचणीला आधी हसतात आणि मग मदत करतात. आमच्या वेळी नुसतंच हसायचे. "मामा, लेटर म्हणजे पत्र नव्हे. कागदाचं माप आहे ते. अमेरिकन."

तिथून मला या विषयाचा नाद लागला आणि पुढचे काही दिवस मी कागद, प्रिंटर आणि रांग यांचा इतिहास धुंडाळत बसलो. सेवानिवृत्त माणसाला दुसरं काय काम असतं?

आपण ज्याला ए-फोर म्हणतो तो कागद जर्मनांचा. लिश्टेनबर्ग नावाच्या एका प्राध्यापकाने १७८६ साली एका पत्रात लिहून ठेवलं की, कागदाची लांबी-रुंदी अशा प्रमाणात घ्यावी की, तो मधोमध दुमडला तरी आकार तोच राहील. हे प्रमाण म्हणजे दोनाचं वर्गमूळ. १९२२ साली जर्मनीने तेच आपलं अधिकृत माप केलं. एक चौरस मीटरचा मोठा कागद घ्यायचा, चार वेळा दुमडायचा, की झाला ए-फोर : २१० मिलिमीटर रुंद, २९७ लांब. १९७५ साली ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. अमेरिकेने मात्र आपला साडेआठ बाय अकरा इंची कागद सोडला नाही. त्याचंच नाव लेटर. तो आपल्यापेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर आखूड.

आम्ही शाळेत असताना हे दोन्ही नव्हते. आमचा कागद फूलस्केप. हे नाव त्या कागदात पूर्वी जे जलचिन्ह असायचं त्यावरून पडलं, आणि ते चिन्ह होतं विदूषकाची घुंगरांची टोपी! त्या कागदावर मी गणिताचे जे पेपर सोडवले ते पाहता नाव अगदी योग्य होतं.

तर मी नोटीस लिहिली तो लिहिण्याचा प्रोग्राम नवा होता आणि तो स्वतःला अमेरिकेत समजत होता. मी त्याला काही बोललो नाही, त्यानेही मला विचारलं नाही. निमूटपणे लेटर मापाचं पान मांडलं. त्याची मी पीडीएफ केली. ही पीडीएफ १९९३ साली अडोबी कंपनीने आणली ती याचसाठी की, पान कुठल्याही यंत्रावर उघडलं तरी जसंच्या तसं दिसावं. ती आपलं माप पोटात बाळगून हिंडते. प्रिंटरने ते माप वाचलं, आपल्या खणात पाहिलं, तिथे ए-फोर. आणि अठरा मिलिमीटरसाठी तो अडून बसला. मी समोर असतो तर 'असू दे, ए-फोरवरच छाप' एवढं एक बटण दाबून भागलं असतं. पण सगळं आपोआप असल्यामुळे समोर कुणीच नव्हतं. भाचा म्हणतो, आपोआप छापण्याच्या व्यवस्थेत काही अडलं तर पहिल्यांदा कागदाचं माप बघावं, मग रांग.

ही रांग म्हणजे तर मोठी गंमत आहे. १९५९ साली आयबीएमने १४०१ नावाचा संगणक आणला आणि त्याच्याबरोबर १४०३ हा प्रिंटर. अक्षरांची एक साखळी गरगर फिरायची आणि हव्या त्या क्षणी मागून हातोडी बसायची. मिनिटाला ६०० ओळी! पण मोठ्या संगणकाच्या मानाने हाही वेग गोगलगाईचा. लाखमोलाचं यंत्र छपाईसाठी थांबवून ठेवणार कोण? म्हणून मोठा संगणक आपलं उत्तर चुंबकीय फितीवर उतरवून मोकळा व्हायचा. माणूस ते रीळ काखेत मारून १४०१ कडे न्यायचा आणि तिथे सावकाश छपाई चालायची. पुढे रिळाची ने-आण थांबली, काम तबकडीवर जाऊन आपापला नंबर धरून उभं राहू लागलं. या युक्तीला स्पूलिंग म्हणतात. कुणी म्हणतात, ती लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत. कुणी म्हणतात, स्पूल म्हणजे रीळ, त्यावरून आलं. आज रीळ कुठेही नाही, पण भाचा फोनवर जे सांगत होता ते असं : "मामा, स्पूलर बंद करा, रांग रिकामी करा, स्पूलर पुन्हा चालू करा."

यातलं मधलं वाक्य मला ऐकू आलं नाही. मी खणाचं माप बदललं, स्पूलर बंद करून चालू केला, आणि प्रिंटरला कंठ फुटला. ११ नोटिशी, प्रत्येकीच्या ५२ प्रती. रांगेतली कामं विसरत नसतात. सगळा खण रिकामा झाला, आणि माप मी भलतंच बदलल्यामुळे प्रत्येक प्रतीत सभेची तारीख आणि खालची माझी सही कापली गेली होती. मग शाईही संपली. चौदा दिवसांना आता एकच संध्याकाळ उरली होती.

लेसरने छापण्याची ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली तो गॅरी स्टार्कवेदर झेरॉक्स कंपनीत होता. साहेबाला कल्पना पसंत नव्हती. तेव्हा १९७१ साली हा गडी कंपनीच्याच कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत गेला आणि तिथे त्याने यंत्र उभं केलं. १९७७ साली ते बाजारात आलं तेव्हा सेकंदाला दोन पानं टाकत होतं.

पण मला सगळ्यांत जवळचा वाटला तो रिचर्ड स्टॉलमन. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत हा प्रोग्राम लिहायचा. तिथला जुना प्रिंटर वरचेवर अडायचा. कागद अडकणं काही त्याला थांबवता येईना. पण त्याने प्रिंटरच्या प्रोग्रामात अशी सोय केली की, कागद अडकला की ज्यांची ज्यांची कामं रांगेत आहेत त्यांना निरोप जावा. कुणीतरी उठून सोडवेलच. किती साधी, शेजारधर्माची गोष्ट! मग १९८० च्या सुमारास झेरॉक्सने नवा लेसर प्रिंटर दिला. तोही अडायचा, आणि होता वेगळ्याच मजल्यावर. जिना चढून जावं तर कागद कधीचा अडकलेला. स्टॉलमन म्हणाला, तीच सोय यालाही करू. पण या प्रिंटरबरोबर प्रोग्रामचा मूळ मजकूर दिलाच नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एकाकडे तो आहे असं कळलं, तेव्हा हा तिथे गेला असताना त्याने मागितला. तो गृहस्थ म्हणाला, कुणाला देणार नाही असं मी वचन दिलं आहे. स्टॉलमन एक शब्द न बोलता बाहेर पडला.

आपण असतो तर घरी येऊन चहा प्यालो असतो. स्टॉलमनने सप्टेंबर १९८३ मध्ये जाहीर केलं की, ज्याचा मूळ मजकूर कुणालाही पाहता, दुरुस्त करता आणि वाटता येईल अशी आख्खी प्रणाली मी लिहिणार. तिचं नाव ग्नू. पुढे १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स लिहिलं आणि दोन्हींची जोडी जमली. प्रिंटरचा तो किस्सा स्टॉलमन स्वतः भाषणांतून सांगत आला आहे.

त्याच लिनक्समध्ये एक सूचना आहे. प्रिंटरकडून अडचणीचा इशारा आला, पण कागद संपलेला नाही आणि यंत्रही बंद नाही, तर संगणक शांतपणे कळवतो : प्रिंटरला आग लागली आहे. हे वाचल्यावर माझा प्रिंटर मला बराच समजूतदार वाटू लागला. त्याने नुसतं पत्रच मागितलं होतं.

असो. नोटिशीचं काय झालं ते राहिलंच. सात वाजता मी नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे धावलो. जी कंपनी स्टॉलमनला मजकूर देईना, तिचं नाव आपण या देशात प्रत्येक नकलेला फुकट देऊन टाकलं आहे. मी एक नोटीस हाताने लिहिली, फूलस्केपवर. त्याने पाच मिनिटांत ५२ झेरॉक्स काढून दिल्या. रात्री साडेनऊपर्यंत जिने चढून मी त्या वाटल्या. वकीलसाहेबांनी घड्याळ बघून सही केली. चौथ्या मजल्यावर आजींनी आधी पाणी दिलं, मग नोटीस दोनदा वाचली आणि विचारलं, "सभा खालीच आहे ना रे? मग मी येऊ कशी?"

सभा आम्ही चौथ्या मजल्याच्या जिन्यात घेतली. ठराव एकमताने झाला. वकीलसाहेबांना तेवढी धाप लागलेली असल्यामुळे हरकत घेता आली नाही. लिफ्ट आता चालते.

आणि भाच्याने पुढच्या खेपेला माझी व्यवस्था सुधारली. प्रिंटर अडला की माझ्या मोबाइलवर निरोप येतो. देखभालीची बिलं पहिल्या तारखेच्या मध्यरात्री आपोआप फोल्डरात पडतात. परवा रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी उशाशी मोबाइल किणकिणला. मी दिवा लावला.

"एवढ्या रात्री कोण?" हिने विचारलं.

"प्रिंटर."

"काय म्हणतोय?"

"कागद संपला म्हणतोय."

"उद्या ये म्हणावं," असं म्हणून ती कुशीवर वळली.