उसनवारीचे गुण

महिनाभर रोज रात्री एक 'स्पॅगेटी वेस्टर्न' पाहून दहापैकी गुण द्यायचे, असा उद्योग आम्ही मध्यंतरी चंद्रपुरात आरंभला. लिओनेचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) कुरोसावाच्या 'योजिंबो'वर (१९६१) बेतलेला. शिवाय इटालियनांनी स्पेनच्या उजाड माळावर अमेरिका उभारलेली. उसनवारी दिसली की आम्ही गुण कापत असू.

पुढे ही मोजपट्टी आम्हालाच टोचू लागली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टी रंगभूमीला आपण साहित्याच्या मंडळींनी याच पट्टीने नापास केले नाही काय? दिवाळी सरली की वडसा-देसाईगंजची नाट्यमंडळे गावोगाव निघतात. मंडई किंवा शंकरपटाच्या निमित्ताने मंडप पडतो आणि नाटक पहाटेपर्यंत रंगते. दंडारीच्या जुन्या खोडावर संगीत नाटक, कौटुंबिक अश्रुपात, सिनेमाचा नाच (हो, तोही!) अशी कलमे इथे बेधडक केली जातात. गडचिरोलीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. समीक्षेच्या आधी सन्मान पोहोचला, असेच आम्हाला वाटते.

आमची गुणांची वही सतराव्या रात्रीनंतर कोरीच आहे. चित्रपट मात्र आम्ही तिसावा संपेपर्यंत पाहिले.