तळटीप १२ : गो. पु. देशपांडे

१२. ‘गोपु’ म्हणजे गोविंद पुरुषोत्तम देशपांडे (१९३८–२०१३). मराठी वाचक त्यांना ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चे नाटककार म्हणून ओळखतो, त्यांचा पेशा मात्र चीनच्या अभ्यासाचा. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी वर्षानुवर्षे हाच विषय शिकवला. लेखकाने इथे त्यांना ‘चीनधार्जिणे’ म्हटले आहे, ते आम्हाला अन्यायाचे वाटते. गोपु मार्क्सवादी होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. पण १९६२च्या भारत-चीन युद्धानंतर आपल्याकडे चीन म्हटला की सीमा आणि विश्वासघात एवढेच बोलले जाई. तेव्हा चीनमधले अंतर्गत वाद समजून घ्यायला धैर्य लागत होते. सांस्कृतिक क्रांतीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९७१ साली आले, ती क्रांती अजून संपलेलीही नव्हती. पुढचा मोठा ग्रंथ चीनच्या आफ्रिका-धोरणावर. १९६३-६४मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय आफ्रिकेतले देश फिरले. सत्तरच्या दशकात चिनी मजूर-अभियंत्यांनी टांझानिया ते झांबिया सुमारे १,८६० किलोमीटरचा लोहमार्ग टाकला. अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांशीही बिनसलेला गरीब देश हे का करतो, याचे उत्तर गोपु साम्राज्यवादविरोधी संयुक्त आघाडीच्या कल्पनेत शोधतात. आज आफ्रिकेतल्या चिनी गुंतवणुकीवर लिहिणाऱ्यांनी तो ग्रंथ आधी वाचायला हवा. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तले त्यांचे सदरलेखनही अवश्य पाहावे, तिथे राजकारण आणि साहित्य एकाच पानावर भेटतात.