एव्हरेस्टचं गणित मांडणारा केमिस्ट्रीचा मास्तर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप.

सुरुवात आपल्या कळसूबाईपासून करू. उंची १,६४६ मीटर. शेवटच्या शिड्यांपाशी माझी हमखास धाप लागते. पण खरं सांगू? त्यात हवेचा दोष फारसा नाही, आठवडाभर खुर्चीत बसून कोड लिहिण्याचा आहे. एव्हरेस्टची गोष्ट वेगळी. तिथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश उरतो. म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच कमी. मग तिथे माणूस सिलिंडरशिवाय जगेल का? चढेल का?

शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न ज्याने कागद-पेन्सिल घेऊन सोडवला, तो गिर्यारोहक होता आणि पोटापाण्यासाठी केमिस्ट्री शिकवायचा. नाव अलेक्झांडर केलस. कैलास नाही हं, केलस!

जन्म १८६८, स्कॉटलंडमधलं ॲबर्डीन. पुढे लंडनमध्ये विल्यम रॅमझी यांच्या हाताखाली काम. हे तेच रॅमझी, ज्यांना आर्गॉनसारख्या वायूंच्या शोधासाठी १९०४ चं नोबेल मिळालं. १८९५ मध्ये केलसने एक पेपर लिहिला. विषय होता साध्या हवेत आर्गॉन किती आणि उच्छ्वासातून बाहेर आलेल्या हवेत किती. म्हणजे श्वासाशी त्याचं नातं डोंगरांच्या आधीच जुळलं होतं. नंतर हायडेलबर्गहून पीएच.डी. केली आणि लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलच्या मेडिकल कॉलेजात तो भावी डॉक्टरांना केमिस्ट्री शिकवू लागला.

१९०७ मध्ये, चाळिशीला टेकलेला असताना, तो पहिल्यांदा हिमालयात गिर्यारोहणाला आला. सोबत स्विस गाइड आणले होते. पण त्यांना ती उंची मानवेना. त्यानंतर त्याने युरोपियन गाइड आणलेच नाहीत, स्थानिक माणसांवर, विशेषतः शेर्पांवर भरवसा टाकला. आज हे आपल्याला उघड वाटतं. त्या काळातल्या साहेबांना वाटत नव्हतं.

१९११ मध्ये त्याने सिक्कीम-तिबेट सीमेवरचं पाउहुन्री सर केलं. गंमत अशी, की तेव्हा सर झालेलं सर्वांत उंच शिखर म्हणजे आपल्या गढवाल-कुमाऊंकडचं त्रिशूल, ७,१२० मीटर, असंच सगळे मानत होते. पुढे नव्या मोजणीत पाउहुन्री ७,१२८ मीटर भरलं. फक्त आठ मीटरनी जागतिक विक्रम! केलसला तो जिवंतपणी कळलाच नाही. त्याच्यासोबत दोन शेर्पा होते. नोंदीत एकाचं नाव आहे ‘सोनी’. दुसरा आहे नुसता ‘तुनीचा भाऊ’. तोवर सर झालेल्या सगळ्यात उंच शिखरावर पोहोचलेल्या माणसाचं स्वतःचं नावही कुणी लिहून ठेवलं नाही. हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो.

आता ते गणित. १९२० च्या सुमारास केलसने एव्हरेस्टवर एक निबंध लिहिला. शिखरावर हवेचा दाब किती असेल, रक्तात ऑक्सिजन किती उरेल, शरीर उंचीला कितपत सरावेल, शेवटच्या टप्प्यात तासाला किती फूट चढता येईल, असं सगळं मांडलं. निष्कर्ष असा की शरीर-मनाने कणखर आणि नीट सरावलेला माणूस वाट फार अवघड नसेल तर सिलिंडरशिवायही एव्हरेस्ट चढू शकेल. तेव्हा एव्हरेस्टच्या पायथ्यालाही कुणी गिर्यारोहक पोहोचला नव्हता!

नुसत्या आकडेमोडीवर तो थांबला नाही. त्याच वर्षी गढवालमधल्या कामेतवर मोर्सहेडसोबत जाऊन त्याने सिलिंडर वापरून पाहिले. ते इतके जड निघाले, की मिळणारा फायदा वजनातच जायचा.

या माणसाची दुसरी बाजूही सांगायला हवी. केलसला कानात आवाज ऐकू यायचे, धमकावणारे. तो त्रास वाढला आणि १९१९ मध्ये त्याने कॉलेजची नोकरी सोडली. तरी डोंगर सोडले नाहीत, अभ्यासही सोडला नाही. मानसिक आजार म्हटलं की ‘संपला माणूस’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की कामेतचे प्रयोग त्यानंतरचे आहेत.

१९२१ मध्ये एव्हरेस्टची पहिली पाहणी मोहीम निघाली आणि त्यात केलसला बोलावणं आलं. पण त्या वसंतात तो आधीच डोंगरांत भटकत होता. दार्जिलिंगला परतला आणि धड विश्रांती न घेता लगेच निघाला. वाटेत पोट बिघडलं, चालवेना, शेवटी उचलून न्यावं लागलं. ५ जूनला तिबेटमधल्या खांपा झोंगजवळ त्याने प्राण सोडला. वय ५२. तिथेच त्याला पुरलं. त्या जागेवरून पाउहुन्री, कांगचेंगजाव आणि चोमियोमो दिसतात. तिन्ही त्याने चढलेली.

८ मे १९७८ रोजी मेसनर आणि हाबेलर सिलिंडरशिवाय एव्हरेस्टवर पोहोचले. केलसचं गणित बरोबर निघालं होतं. त्याचा तो निबंध मात्र इंग्रजीत छापून यायला २००१ उजाडलं.

पुढच्या ट्रेकला दम लागला, की दोन मिनिटं थांबा आणि केलसची आठवण काढा. सोबत ‘तुनीच्या भावा’चीही. आणि हो, तुमचं सामान वाहणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या माणसाचं नाव विचारायला विसरू नका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!